आधी पाणी

"नेम?" मी विचारलं.

"दत्ताराम गोविंद पाष्टे."

"पर्पज?"

"व्हिजिट सन. सन इन हॉस्पिटल." भाऊंनी पाठ केलेलं घडाघडा म्हणून टाकलं आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "वैजू, तो साहेब उभा असेल की बसलेला?"

"काचेमागे बसलेला असतो."

"मग मी उभाच ऱ्हातो. साहेब बसलेला असताना आपण उभा ऱ्हायचा."

"भाऊ, तिकडे सगळेच उभे असतात. रांग असते ती. पुढचं सांगा. हाउ मेनी डेज?"

"थ्री वीक. गो बॅक इंडिया." शेवटचे तीन शब्द त्यांनी हात छातीवर ठेवून असे म्हटले की मला हसू आलं. "गो बॅक इंडिया" म्हणताना हात जोडू नका, छातीवरही ठेवू नका, हे मी त्यांना तिसऱ्यांदा सांगितलं.

देवरुखच्या एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. जातीचे दाखले, कॉलेजचे प्रवेश, पासपोर्ट, कुणाचं नाव रेशनकार्डातून कमी करायचं, कुणाचं चढवायचं, सगळं माझ्याकडे यायचं. वैजूताईने भरलेला फॉर्म परत येत नाही, असं तालुक्यात म्हणत. लोकांनी म्हणायचं तेवढं म्हणावं, पण मीही ते मनावर घेतलं होतं. फॉर्म भरणारीचं एकच तत्त्व असतं: कागदावर जे लिहिलंय तेच तोंडाने बोलायचं. आठ दिवस मी रोज दुपारी शटर अर्धं ओढून परदेशातल्या विमानतळावरचा साहेब व्हायचे आणि माझ्या वडिलांना हे तत्त्व शिकवायचे. वय वर्षं चौऱ्याहत्तर.

भाऊ म्हणजे माझे वडील. छत्तीस वर्षं पोस्टमन होते. आणि हॉस्पिटलात होता तो माझा थोरला भाऊ हेमंत, आमचा दादा. तो तिकडे एका हॉटेलात स्वयंपाकी होता. त्या देशाचं नाव आमच्या घरात आता कुणी घेत नाही, तिकडे म्हटलं की सगळ्यांना कळतं. दादाचं लग्न मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं. नारायण परब नावाच्या कुडाळच्या माणसाबरोबर एका खोलीत राहायचा. नोव्हेंबरात त्याच्या पोटात दुखायला लागलं, स्वादुपिंडाला सूज आली म्हणाले, मग ती वाढत गेली. वीस दिवस झाले तरी त्याला घरी सोडलं नव्हतं. परबाने हॉस्पिटलचं पत्र पाठवलं. वडिलांनी एकदा येऊन भेटावं, असं त्यात डॉक्टरांनी लिहिलं होतं. असं पत्र डॉक्टर कधी देतात हे मला कळत होतं. भाऊंनाही कळत असणार. त्यांनी फक्त विचारलं, "किती दिवसांत जाता येईल?"

मुंबईला व्हिसाच्या ऑफिसात त्यांच्या बोटांचे ठसे उठेनात. आयुष्यभर पत्रं मोजून आणि शिक्के मारून बोटांच्या रेषा पुसल्या होत्या. तिथली मुलगी ओल्या कापसाने एकेक बोट पुसून पुन्हा पुन्हा काचेवर दाबत होती आणि भाऊ तिला म्हणत होते, "सावकाश गो बाय, मला घाई नाय." अकरा दिवसांनी व्हिसा आला. मंगळवारी सकाळी तिकडे पोचणारं तिकीट मिळालं, सोमवारी मुंबईहून निघायचं होतं.

तालमीत एकच गोष्ट जमत नव्हती. हॉस्पिटल हा शब्द आला की भाऊंचा आवाज बसायचा आणि डोळे भरायचे.

"हे चालणार नाही," मी म्हणाले. मी फार कडक मास्तरीण होते. "रडणारा माणूस बघितला की साहेबाला वाटतं, हा एकदा आत शिरला की परत जायचा नाही. काय वाटेल ते होवो, साहेबासमोर रडायचं नाही. चेहरा सरळ ठेवायचा."

"तारेसारखा," भाऊ म्हणाले.

हे आम्हाला घरी नवीन नव्हतं. भाऊ तार द्यायला जात तेव्हा कसा चेहरा ठेवत, हे लहानपणी आम्ही पुष्कळदा ऐकलं होतं. त्या काळी खेड्यात तार म्हणजे बहुतेक मरणाचीच. पोस्टमन सायकलवरून अवेळी येताना दिसला की बायका चूल सोडून अंगणात यायच्या. वाचता येणारं घरात कुणी नसायचं, म्हणून तार भाऊच वाचायचे. पण आल्या आल्या कधी वाचली नाही. आधी म्हणायचे, "बसा. कोणीतरी पाणी आणा." ज्याची तार त्याला बसवायचं, त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवायचा, त्याने दोन घोट घेतले की मग वाचायची. पंचक्रोशीला ते इतकं ठाऊक झालं होतं, की भाऊंनी पाणी मागितलं की माणूस ओळखायचा. काही जण पेल्याला हात लावायच्या आधीच म्हणायचे, "वाचा."

एकदा निवे गावात एका म्हातारीची तार घेऊन जाताना तिच्या पुतण्याने त्यांना वाटेत गाठलं. म्हातारीचा मुलगा मुंबईत वारला होता, तशी तार होती. पुतण्या म्हणाला, सिरियस आहे म्हणून वाचा, मुंबईला नेऊन मग सांगू. भाऊ म्हणाले, "तार ज्याच्या नावाची, त्याची. मी तिच्यात एक अक्षर बदलणार नाय नि खिशात ठेवणार नाय. पाणी मात्र देईन." आमची आई गेली तेव्हाही त्यांनी दादाला स्वतः फोन केला होता. आम्ही सगळे खुणा करत होतो की आजारी आहे म्हणा, तो एवढ्या लांबून एकटा येणार आहे. भाऊंनी दादाला आधी विचारलं, "जवळ पाणी हाय?" आणि मग सांगितलं.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं मी अजाणतेपणी केलं, असं मला म्हणता येत नाही.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला परबाचा फोन आला. भाऊ आमच्या ओटीवर सूप घेऊन उकड्या तांदळाची कणी निवडत होते. दादाला पेज करून घालायची होती. तिकडच्या तांदळाची पेज होत नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. मी फोन घेऊन परसात गेले.

"ताई," परब म्हणाला, "हेमंत गेलो. पहाटे. मी बाजूकच होतंय."

मी पाण्याच्या टाकीला धरून उभी राहिले. ओटीवरून भाऊ ओरडले, "परबाचा फोन काय गो? रात्री झोप लागली का त्याला, विचार!"

मी ओरडून म्हणाले, "लागली."

हे पहिलं खोटं. ते मी ठरवून बोलले नाही, तोंडातून निघून गेलं. पण ते निघाल्यावर पुढचं सगळं सोपं होऊन बसलं.

मी मारळला बाळकाकांना फोन केला. बाळकाका म्हणजे भाऊंचे धाकटे भाऊ. तासाभरात ते गाडी करून आले आणि ओटीवर भाऊंशी तयारीच्या चार गोष्टी बोलून परसात आले. माझे यजमान सुभाष आधीच तिथे होते. काकांचे डोळे लाल झाले होते, पण आवाज पक्का होता.

"सांगायचा नाय," ते म्हणाले. "चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. एवढा लांबचा प्रवास, मधे विमान बदलायचा, शेजारी कोण ओळखीचा नाय. वाटेत काय झाला तर? तिथे परब हाय. घरी नेऊन, बसवून सांगेल. आपल्यात कुणीच वाटेवरच्या माणसाला सांगत नाय."

"ते भाऊ आहेत," सुभाष म्हणाले. "त्यांना सांगायला हवं. त्यांचा मुलगा आहे."

"सांगितला नि ते बसले जाग्यावर, तर? मग मुलाचा तोंड कोण बघणार?"

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. काका भीतीने बोलत होते, सुभाष न्यायाने. मी काय विचार केला ते आज स्वच्छ सांगते. माझ्या डोळ्यांसमोर फॉर्म आला. त्यावर मी माझ्या हाताने लिहिलं होतं: आजारी मुलाला भेटणे. आता मुलगा गेला म्हटल्यावर कारण बदललं. तिथे भाऊ वेगळं बोलणार, रडणार, कागद एक आणि तोंड एक होणार आणि साहेब अडवणार. भाऊंना काहीच माहीत नसेल, तर ते पाठ केलेलंच बोलतील. ते खोटं बोलणारच नाहीत. खोटं काय ते माझ्या एकटीकडे राहील. मला त्या क्षणी ही फार हुशारीची गोष्ट वाटली.

"नाही सांगायचं," मी म्हणाले.

परबाला कळवलं, अंत्यसंस्कार भाऊ पोचेपर्यंत थांबव. गुरुवार ठरला. भाऊंना काही बोलू नकोस, हेही त्याला सांगितलं. तिकडच्या साहेबाने विचारलं तर काय बोलायचं, हे मात्र सांगायचं राहिलं. परब विमानतळाच्या बाहेर उभा राहणार होता, त्याला कोण काय विचारणार, असं मी धरून चालले. त्याच्याकडे फॉर्म नव्हता ना, म्हणून त्याला तालीमही नव्हती.

ओटीवर परत आले तर भाऊ म्हणाले, "खडा एक नाय ऱ्हायला बघ." मी सुपातल्या कणीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान झाली." मग ती त्यांनी स्वच्छ फडक्यात बांधली, वर पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. चिठ्ठीवर त्यांनी हेमंत द. पाष्टे असं लिहिलं आणि पत्ता घातला. पार्सल हरवलं तर पोचावं म्हणून.

सोमवारी सकाळी निघायच्या आधी भाऊ देवपूजेला बसले. घरात सुतक होतं. आम्हा सगळ्यांना होतं, सगळ्यांत जास्त त्यांना. आणि ते सोवळं नेसून शंखाला गंध लावत होते, दादाला बरं वाटू दे म्हणून गणपतीला एकवीस दूर्वा वाहत होते. काका दारात उभे होते. आदल्या दिवशी एवढे ठाम बोलणारे काका उंबरा ओलांडेनात.

"बाळ्या, ये, नमस्कार कर," भाऊंनी बोलावलं.

"माझी आंघोळ नाय झाली," काका म्हणाले. केस तर त्यांचे ओले होते. भाऊंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि आरती घेतली. काका अंगणात जाऊन गाडीचं टायर बघत बसले. मी प्रसादाची साखर हातावर घेतली आणि खाल्ली. मी ती खाल्ली, हे मला अजून विसरता येत नाही.

विमानतळावर संध्याकाळी भाऊ आत जाताना मी शेवटचं विचारलं, "हाउ मेनी डेज?"

"थ्री वीक," ते म्हणाले. "आणि रडायचा नाय. ध्यानात हाय." काचेपलीकडे त्यांनी एकदा मागे वळून हात केला, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

ते पोचल्याचं कळेपर्यंत आम्ही डोंबिवलीला नणंदेकडे थांबलो. मंगळवारी दुपारी अडीचला माझा फोन वाजला. लांबलचक परका नंबर. एक पुरुष इंग्रजीत काही बोलला आणि लगेच एक बाई हिंदीत बोलू लागली. ती दुभाषी होती. तिने सांगितलं, की दत्ताराम पाष्टे प्रवेश तपासणीला आहेत, अधिकाऱ्यांना काही विचारायचं आहे आणि बोलणं नोंदवलं जात आहे. मी धावत जाऊन पिशवीतली फाइल काढली. फॉर्मची झेरॉक्स मांडीवर ठेवली.

"आपके पिताजी किसलिए आए हैं?"

"माझ्या आजारी भावाला भेटायला," मी हिंदीत म्हणाले.

"आपके भाई इस समय कहाँ हैं?"

मी मांडीवरच्या फॉर्मकडे बघितलं. भाऊ शेजारी उभे आहेत का, त्यांना ऐकू जातंय का, मला काहीच कळत नव्हतं. ऐकत असतील तर खरं कसं बोलू? आणि ऐकत नसतील, तरी कागदावर लिहिलंय त्याच्या उलट कसं बोलू?

"हॉस्पिटलात," मी म्हणाले.

पलीकडे दोघांचं काही बोलणं झालं. मग बाईने तोच प्रश्न फिरवून विचारला. माझ्याशी बोलताना तिचा आवाज मऊ झाला होता. आज मला वाटतं, ती मला दुसरी संधी देत होती. "आप पक्का जानती हैं? दो दिन में किसी से बात हुई है?"

"हो, रोज होते. तब्येत स्थिर आहे."

"ठीक है. धन्यवाद."

फोन ठेवला आणि मी सुभाषना म्हणाले, "झालं. सुटले." खरं सांगते, मला त्या क्षणी आनंद झाला होता. भाऊ मरू घातलेल्या नव्हे, मेलेल्या मुलाकडे चालले होते आणि मी फॉर्म पास झाल्याच्या आनंदात होते.

सव्वा तासाने परबाचा फोन आला. तो रडत होता आणि चिडलेलाही होता.

"ताई, तुमी काय सांगितल्यात त्यांका?"

साहेबाने पहिला फोन परबालाच केला होता. भाऊंच्या कागदावर तिकडचा संपर्क म्हणून त्याचंच नाव होतं, तेही मीच घातलेलं. परब बाहेर उभा होता. त्याने सरळ सांगितलं, हेमंत रविवारी वारला, मी त्याच्या वडिलांना न्यायला आलोय, गुरुवारी अंत्यविधी आहे. साहेबाने आत जाऊन भाऊंना विचारलं, कशाला आलात. भाऊ म्हणाले, सन इन हॉस्पिटल. दोनदा विचारलं, दोनदा तेच. म्हणून खात्री करायला मला फोन.

"तुमी खरा सांगितल्यात असतात तर तो सोडणार होतो," परब म्हणाला. "माका म्हणालो तसा. मुलाच्या मयताक आलेल्या बापाक आमी अडवणव नाय म्हणालो. पण आता म्हणता, बाप खोटा बोलता, मुलगी खोटा बोलता, मग ह्यांचा दुसरा कायतरी असतला. संध्याकाळच्या विमानान परत धाडतत."

"त्यांना सांगा ना, भाऊंना माहीत नव्हतं! आम्ही लपवलं! आमच्याकडे असंच करतात!" मी ओरडत होते. नणंदेच्या शेजारणी दारात आल्या.

"सांगितलंय ताई. तो म्हणालो, आमी स्वतः त्या म्हाताऱ्याक सांगितला. त्येका आधीच ठाऊक होता."

हे शेवटचं मला कळलं नाही. कुठून ठाऊक असणार? मी परबाने दिलेल्या नंबरावर पाच-सहा वेळा फोन लावला. दर वेळी यंत्राचा आवाज यायचा, अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन. मी ईमेल लिहिली, हॉस्पिटलचं पत्र जोडलं, माझी चूक कबूल केली. मुद्देसूद, एकही रकाना रिकामा न सोडता. तिचं उत्तर नऊ दिवसांनी आलं. तेही ईमेल मिळाल्याचं.

बुधवारी सकाळी भाऊ मुंबईत उतरले. सदऱ्याला एक सुरकुती जास्त पडली होती, एवढंच. हातात कणीची पिशवी नव्हती. मी पुढे गेले, पण त्यांनी बॅग सुभाषच्या हातात दिली आणि गाडीत मागे जाऊन बसले. मी शेजारी बसले. पनवेल गेलं, पेण गेलं. वाटेत चहाला थांबलो तर ते उतरले नाहीत.

कोलाडच्या पुढे कधीतरी त्यांनी विचारलं, "तार कधी आली?"

मला कळलं ते काय विचारतायत. "रविवारी सकाळी," मी म्हणाले.

"किती वाजता?"

"नऊ वाजता."

"म्हणजे मी कणी निवडत होतो तेव्हा." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "रविवारी टपालाला सुट्टी असते. तारेला नसते."

मी रडायला लागले. भाऊ, चुकले, असं काही म्हणाले असेन. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग आपणहून सांगू लागले. हळू, कुणाला रस्ता सांगावा तसं.

"साहेब बरा होता. तरणा होता. एवढा वेळ मी उभाच होतो. मग तो आतून आला नि मला खुर्ची दिली. म्हणाला, बसा. ती बाई हिंदीत सांगत होती. मी बसलो. मग तो स्वतः जाऊन ग्लास घेऊन आला, पाण्याचा, माझ्यापुढे ठेवला. तेव्हाच मला कळला. मी त्याला म्हटला, वाचा साहेब. त्याला काय समजला नाय. मग त्याने सांगितला."

सुभाषनी गाडीचा वेग कमी केला.

"तू सांगितलं होतंस ना, साहेबासमोर रडायचा नाय. चेहरा सरळ ठेवायचा. मी ठेवला. पाणी प्यालो, ग्लास खाली ठेवला. तो माझ्याकडे बघतच ऱ्हायला. त्या बाईला काहीतरी बोलला. ती म्हणाली, साहेब विचारतायत, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं ना?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटला, हो. पाणी आणलात तेव्हाच कळला." भाऊ म्हणाले. "ते तिने काय सांगितला, देव जाणे."

मग परबाचं वाक्य मला कळलं. भाऊ खरंच बोलले होते. ते अख्ख्या प्रवासात एकही खोटं बोलले नव्हते. आणि ज्याच्या डोळ्यांत एक थेंब आला असता तरी साहेबाला खरं कळलं असतं, तो माणूस मी आठ दिवस खपून कोरडा केला होता.

"कणी त्यांनी ठेवून घेतली," थोड्या वेळाने ते म्हणाले. "पत्ता लिवलेला होता. मी सांगितला, तेवढी तरी पाठवा."

गुरुवारी परबाने तिकडे दादाचं सगळं केलं. भाऊ त्या वेळी आमच्या ओटीवर बसून होते. फोन लावून देऊ का विचारलं तर मानेनेच नको म्हणाले. महिन्याने अस्थी पार्सलने आल्या. नवीन पोस्टमन तरुण होता, त्याला कशात काय आहे ते माहीत नव्हतं. भाऊंनी सही केली, तारीख घातली, आणि त्याला शिक्का नीट उमटला नाही हे दाखवलं.

पण हे नंतरचं. त्या बुधवारी आम्ही देवरुखला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. काका अंगणात होते, ते पुढे आलेच नाहीत. भाऊ ओटीवर चढले. दोन दिवसांचा प्रवास, पोटात काही नाही, ओठ सुकलेले. मी आत गेले आणि दुसरं काही सुचेना म्हणून तांब्या-पेला घेऊन बाहेर आले. पेला भरून त्यांच्यापुढे ठेवला.

भाऊंनी पेल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग शांतपणे मागे सरून ते खुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, चेहरा सरळ केला.

"वाच," ते म्हणाले.

"काही नाही भाऊ," मी म्हणाले, "काही नाही हो. तहान लागली असेल म्हणून."

त्यांना ते पटलं नाही. बराच वेळ ते तसेच वाट बघत बसले. मग उठले, स्वयंपाकघरात गेले आणि माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेऊन उभ्याउभ्याच प्याले.

त्यानंतर ते चार वर्षं माझ्याचकडे होते. माझ्याशी बोलायचे, माझ्या मुलींना गोष्टी सांगायचे, दुकानात येऊन लोकांचे अर्जसुद्धा वाचून द्यायचे. मला कधी एका शब्दाने टोचलं नाही. जेवायला मी वाढलेलं जेवायचे. फक्त पाणी घ्यायला स्वतः उठायचे. गुडघे धरल्यावरही भिंतीला हात लावत माठापर्यंत जायचे. मी भरलेल्या पेल्याला त्यांनी पुन्हा कधी हात लावला नाही, आणि मीही ठेवायचं सोडून दिलं.

अगदी शेवटच्या दिवशी काका म्हणाले, "वैजू, तोंडात पाणी घाल." मी चमचाभर घातलं. त्यांना शुद्ध नव्हती. थोडं आत गेलं, थोडं हनुवटीवरून खाली आलं. ते मी पदराने पुसलं.